भेकाला दात नसतात

अजीजमामा,

तुम्ही गेल्याचा फोन रेखानं केला. मी वर्गात होते, फळ्यावर हृदयाचे कप्पे काढत होते, हातात लाल खडू. "मॅडम, मामा गेले. सकाळी नमाजासाठी वजू करून बसले, अन् बसल्या जागीच." मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि तास पुरा केला. तास पुरा करायची माझी सवय तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला ती कधीच आवडली नाही. त्या दिवसापासून मात्र माझं बूड एका जागी टिकत नाही. चहा टाकते आणि विसरते. पेपर तपासायला घेते, तिसऱ्या पेपरला उठून गॅलरीत जाते, गॅलरीत कशाला आले ते आठवत नाही म्हणून परत आत येते. तुम्ही पाहिलं असतं तर म्हणाला असता, "पायाला भिंगरी लावली का, नायगाव?"

नाही, चुकले. नायगाव म्हणायचं तुम्ही वीस वर्षांपूर्वीच सोडलं होतं. मॅडम म्हणाला असता.

माणूस गेलं की लोक लिहितात, जन्म अमुक गावी, शिक्षण अमुक, नोकरी तमुक. तुमचं शिक्षण मी इथं लिहिणार नाही. का, ते आपल्या दोघांना ठाऊक आहे, आणि वाचणाऱ्यालाही पुढं कळेल. लपवालपवी झाली तेवढी पुरे झाली.

नांदेडच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तुम्ही परिचर होता. बाटल्या पुसायच्या, ट्रे धुवायचे, चिरफाडीसाठी बेडूक आणून द्यायचे. अशा माणसाला सगळ्याच कॉलेजांत मामा म्हणतात, तसं आम्हीही म्हणायचो. पहिल्या दिवशी मी दारातच घुटमळत होते. तोवर त्या कॉलेजात जिथं गेले तिथं आधी आडनाव विचारलं गेलं होतं, आणि सांगितल्यावर शेजारची मुलगी जरा सरकून बसली होती. तुम्ही विचारलंत, "गाव कोणतं?"

"नायगाव."

"मंग बस तिकडं खिडकीपाशी, नायगाव. हा किनवट, ती देगलूर, अन् मागं पेंगून राहिला तो मुखेड."

आडनाव न लागणारी ती एकच खोली होती. रविवारी घरी आप्पांना पत्र लिहिलं तेव्हा कॉलेजबद्दल दुसरं काही सुचलंच नाही. इथले एक मामा चांगले आहेत, एवढंच लिहिलं.

तिथल्या कपाटात सात नंबरच्या बाटलीत वटवाघूळ होतं आणि आठ नंबरच्या बाटलीत भेक. भेक म्हणजे मोरीपाशी, नळाखाली बसणारा तो खरबरीत, कोरड्या कातडीचा बेडूक. पुस्तकात त्याला वेगळं नाव आहे, गावात तो नुसता बेडूकच. सर म्हणाले, सात आणि आठची तुलना करा. मी वटवाघळावर दीड पान लिहिलं आणि भेकावर तीन ओळी. तुम्ही बाटल्या उचलायला आलात आणि माझ्या वहीत डोकावलात.

"भेकानं तुझं काय घोडं मारलं?"

"किळस येते, मामा."

"अन् हे उलटं टांगलेलं लई देखणं?"

देखणंच होतं. आमच्या होस्टेलमागच्या चिंचेवर शे-दोनशे वटवाघळं लटकलेली असायची, फळं खाणारी मोठी जात. दिवे लागायच्या सुमाराला ती एकेक करून सुटायची आणि आभाळ भरून गोदावरीकडं जायची. घर आठवायला लागलं की मी गच्चीवर जाऊन तेच बघत बसायचे. लोक त्यांना आंधळी म्हणतात, अपशकुनी म्हणतात. मी तुम्हाला तावातावानं सांगितलं की ही जात चांगली डोळ्यांनी बघते, हिचं तोंड कोल्ह्यासारखं असतं, आणि मादी वर्षाला एकच पिल्लू देते. ते पिल्लू छातीशी बिलगवून ती रात्रभर उडते. आणि तुमचा भेक? डबक्यात हजारो अंड्यांची माळ सोडायची आणि चालू पडायचं. जगली तर जगली.

तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "तुझी वटवाघळं फळ जिकडं तिकडं. माझा भेक आपला दगड सोडत न्हाई. अन् जेवताना बघितलं का त्याला? डोळे मिटून आत ओढून घेतो, त्या डोळ्यांनीच घास खाली ढकलतो. इतकं मन लावून कोण जेवतं?"

"समोर मेलेली माशी ठेवली तर उपाशी मरेल, मामा. हलत नाही ते त्याला दिसतच नाही."

"हलत न्हाई ते माणसाला तरी कुठं दिसतं?"

हे भांडण तीन वर्षं चाललं. मी जिंकत आले की तुम्ही चहा आणायला निघून जायचा आणि येताना नवा मुद्दा घेऊन यायचा.

त्याच तुलनेच्या तक्त्यात मी एक ओळ लिहिली होती. वटवाघूळ, दात असतात. भेक, वरच्या जबड्यात बारीक दात असतात. आम्ही कापायचो ते बेडूक, भेक कधीच नाही. त्यामुळं बेडकाचा तक्ता घ्यायचा आणि वर भेकाचं नाव घालायचं ही तिथली जुनी रीत होती. सीनियर मुलींच्या वह्यांतून ती आमच्याकडं आली, आमच्या वह्यांतून पुढं गेली. तुम्ही त्या ओळीवर बोट ठेवलंत.

"हे दात तू बघितले?"

"नोट्समध्ये आहे."

"नळाखाली बसला आहे एक. चल. तोंडात बोट घाल अन् वरच्या ओठाच्या आतून फिरव. डोळ्यामागच्या गाठी तेवढ्या दाबू नको, तिथून ईख निघतं. बाकी गरीब आहे बिचारा."

मी ईऽऽ करून पळाले. परीक्षेत तीच ओळ लिहिली आणि पूर्ण मार्क पडले. वर तुम्हाला येऊन दाखवले. तुम्ही हसलात, म्हणालात, "मार्काला दात आले म्हणजे भेकाला येत नसतात."

मी लातूरला ज्युनिअर कॉलेजात लागले आणि थोड्याच दिवसांत भूकंप झाला. त्या दिवशी दुपारी मी खोलीबाहेर रस्त्यावर बसले होते, सगळी गल्लीच बसली होती. तुम्ही पिशवी घेऊन वळणावरून आलात. पिशवीत पाव, मेणबत्त्या, कापसाचा गठ्ठा. "नांदेडला भांडी वाजली," म्हणालात, "म्हटलं नायगावचं काय झालं बघावं." बस मिळेल तिथपर्यंत बसनं, पुढं ट्रकनं आला होता. मी धडधाकट आहे म्हटल्यावर तुम्ही पाणीसुद्धा न पिता पुढं किल्लारीकडं निघालात, आणि मीही मागं आले. मग दोन महिने दर रविवारी आपण तिकडं जात होतो. तुम्ही नांदेडहून यायचा, मी लातूरहून.

त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच. जनावरांना आधी कळलं होतं. कुत्री रडली होती, साप निघाले होते, वटवाघळं दोन दिवस आधी झाडं सोडून गेली होती. माझ्या तर आवडीचा विषय. मी वर्गात सांगून मोकळी झाले की वटवाघळांना कळलं होतं. मुलं डोळे विस्फारून ऐकत होती. मी काय बघितलं होतं? काहीच नाही.

पत्र्याच्या शेडमध्ये रेखाचे वडील भेटले. बायको आणि मुलगा मातीखाली गेले होते, सात वर्षांची रेखा वाचली होती. त्यांना जेवण जात नव्हतं. येईल त्याला तेवढंच सांगायचे, "आदल्या सांजंला आडापून बेडकं निघाली व्हती. अंगणभर. मी खराट्यानं हाकलली. त्याहिला कळलं व्हतं अन् मला कळलं न्हाई. मला कळाय पायजे व्हतं."

मी तोंड उघडणारच होते. हो दादा, जनावरांना कळतं, असं माझ्या जिभेवर आलं होतं. तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की मी गप्प झाले. मग त्यांच्याजवळ उकिडवे बसलात.

"पाऊस झाला व्हता का त्या दिवशी?"

"व्हय. भुरभुर."

"खरबरीत व्हती का गुळगुळीत?"

"खरबरीत. अशी मोठाली."

"मंग भेक ते. पाऊस झाला की निघतातच, दरसाली निघतात. मी वीस-पंचवीस वर्षं त्याहिच्यातच हाव. त्याहिला काय कळलं नव्हतं, दादा. कुणालाच कळलं नव्हतं."

मग खराट्यानं हाकलल्याची गोष्ट त्यानं पुन्हा एकदा सांगितली, आणि तुम्ही पुन्हा तेच सांगितलंत, तितक्याच शांतपणे. चार वेळा तरी. शेवटी त्यानं रेखाच्या हातची भाकरी घेतली. परतीच्या ट्रकमध्ये तुम्ही मला म्हणालात, "जे बघितलं न्हाई ते शिकवू नको, नायगाव. ऐकणाऱ्याची झोप जाते." मी दुसऱ्या दिवशी वर्गात वटवाघळांची गोष्ट मागं घेतली. तेवढं मी केलं होतं, मामा. तेव्हा मला जमत होतं.

मग लातूर बदललं. बोर्डाच्या निकालात इथली मुलं चमकायला लागली, गावोगावची पोरं ट्रंका घेऊन उतरायला लागली, गल्लीगल्लीत क्लास आणि मेस. मी नोकरी सोडून दोन खोल्यांत जीवशास्त्राचा क्लास काढला. दोनाच्या पाच झाल्या, पाचाचे तीन मजले झाले. मी वाईट शिकवत नव्हते. कष्ट उपसले होते आणि नायगावच्या आप्पांच्या पोरीचं नाव बोर्डावर बघून मला बरं वाटायचं, आजही वाटतं. माझ्या छापील नोट्सवर मुलं डोळे झाकून विश्वास ठेवायची. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा मीच तुम्हाला बोलावलं. मुलांना रविवारी प्रत्यक्ष नमुने दाखवायचे, एवढंच काम. तुम्ही एका वेळी तीनच मुलं घ्यायचा. मी म्हणायचे, मामा, चारशे आहेत, असं कधी संपणार? तुम्ही म्हणायचा, न्हाई संपलं तर न्हाई संपलं.

त्याच वर्षी तुम्ही रेखाला घेऊन आलात, बारावीला. ती डोक्यावर स्लॅब असला की घामाघूम व्हायची. तुम्ही तिचं बाक दाराच्या चौकटीत ओढलंत आणि दार कधी लावायचं नाही असं शिपायाला बजावलंत. वारा येतो म्हणून मी कुरकुर केली होती. तुम्ही माझं ऐकलं नाहीत.

आता ते लिहिते, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

रविवारची टेस्ट होती. तुलना करा, वटवाघूळ आणि भेक. माझा लाडका प्रश्न, दरवर्षी घालायची. रेखानं लिहिलं, "भेकाला दात नसतात," आणि पुढं कंसात, "मी स्वतः पाहिले आहे." उत्तरसूचीत होतं, वरच्या जबड्यात बारीक दात. मी फुली मारली. फुली मारून थांबले असते तरी चाललं असतं. मी त्या कंसाला लाल गोल केला आणि बाजूला लिहिलं, परीक्षेत असे लिहू नये. तिचा एक मार्क गेला, आणि आमच्याकडं दर टेस्टला बॅच बदलायच्या, त्यामुळं त्या एका मार्कानं ती पहिल्या बॅचमधून दुसऱ्या बॅचमध्ये गेली.

तुम्ही पेपर घेऊन माझ्या केबिनमध्ये आलात. टॉवेल खांद्यावरच होता.

"नायगाव, पोरीनं बरोबर लिहिलं. मीच दाखवलं तिला. बोट घालून बघितलं तिनं."

"उत्तरांच्या 'की'मध्ये नाही तसं."

"मंग 'की' दुरुस्त कर."

"मामा, नोट्स छापून झाल्यात. शेकडो मुलांनी हेच पाठ केलंय. आता मी उभं राहून सांगू, की माझ्या नोट्समध्ये चूक आहे?"

"हाव. सांग."

मी हसले. असं कुठं असतं का, म्हटलं. तुम्ही पेपर टेबलावर ठेवलात. तुमचा आवाज चढला नाही, म्हणून ते वाक्य मला जास्त लागलं. "तू जल्मभर वटवाघूळ वटवाघूळ करत आली, अन् अंडी भेकावाणी घालून राहिली. हजार सोडायची, चार जगली की फोटो लावायचे."

मला झोंबलं. झोंबलं कारण दारावर फोटो लावलेले होते. मी म्हणाले (शब्द न् शब्द आठवतो, म्हणून इथं तसाच लिहिते), "मामा, तुम्ही बाटल्या पुसायच्या. शिकवायचं काम माझं आहे. तुमचं शिक्षण काय, तुम्ही बोलता काय."

आडनाव न विचारणाऱ्या माणसाला मी शिक्षण विचारलं. मी, जिला जिथं तिथं आधी काहीतरी विचारूनच आत घेतलं गेलं होतं. तुम्ही खांद्यावरचा टॉवेल काढून त्याची घडी केलीत, टेबलाच्या कडेला ठेवलात. "बरं, मॅडम," म्हणालात आणि दुपारच्या बसनं नांदेडला गेलात. पंधरा दिवसांनी रेखानंही क्लास सोडला.

आणि ऐका, मामा. हे तुम्हाला मी कधीच सांगितलं नाही. तुम्ही गेलात त्याच्या चौथ्या दिवशी मी विद्यापीठाच्या ग्रंथालयातून जाडं पुस्तक मागवून बघितलं. भेकाच्या जातीला दात नसतात. एका ओळीत, साध्या भाषेत लिहिलं होतं. चौथ्या दिवशी मला माहीत होतं. मला बसचं वेळापत्रकसुद्धा माहीत होतं. मी आले नाही. पुढच्या आवृत्तीत मी काय केलं माहीत आहे? तक्त्यातली दातांची ओळच काढून टाकली. आठ मुद्दे होते, सात केले. चूक दुरुस्त केली नाही, पुसून टाकली. तिथं काही होतं असं कुणाला वाटूसुद्धा नये. इतकी हुशारी मी शिकले होते.

दर ईदला मी फोन करायचे. तुम्ही कधी वाकडं बोलला नाहीत, त्याचा मला रागच यायचा. एकदा चांगलं झापलं असतंत तर मी रडून मोकळी झाले असते. तुम्ही मला माझ्याच वटवाघळांची खबर द्यायचा. "मॅडम, होस्टेलची चिंच तोडली." पुढच्या ईदला, "मॅडम, तुमची मंडळी विष्णुपुरीकडं गेलीत, धरणाजवळच्या झाडांवर. जाऊन बघून आलो. शंभराच्या वर हायत." भेकाचे तुम्ही, आणि त्या वयात सिटी बसनं जाऊन माझी वटवाघळं मोजून आलात. मी काय म्हणायचे? अरे वा. गेल्या ईदला सगळं बोलून झाल्यावर तुम्ही फोन ठेवला नाहीत. नुसते थांबलात. मला ऐकू येत होतं तुमचं थांबणं. माझ्या घशाशी आलं होतं, देवाशपथ आलं होतं. मी म्हणाले, "ठेवू का मामा, मुलं थांबलीत." मुलं थांबलेली नव्हती. त्या दिवशी क्लासला सुट्टी होती.

तिसऱ्या दिवशी, जियारतीला मी नांदेडला आले. तुमच्या गल्लीत रिक्षा जात नाही हे मला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत मी तुमच्या घरी कधी आलेच नव्हते. आत बायकांत मामी बसल्या होत्या. मी नाव सांगायला लागले तर त्यांनी हातानंच थांबवलं. "आओ, नायगाव. तुमकू ना, उनो घर में नायगावच बोलते थे."

मला बसवेना. उठून मागच्या अंगणात गेले. तिथं रेखा भांडी विसळत होती, किनवटहून पहाटेच्या गाडीनं आलेली. तिकडच्या निवासी शाळेत ती विज्ञान शिकवते, तुम्हाला तर सगळं माहीत आहे, तुम्हीच तिच्या मुलांना जाऊन नमुने दाखवायचा. मी तिच्याजवळ उभी राहिले आणि म्हणाले, "रेखा, तो तुझा मार्क मी चुकीचा कापला होता. मला नंतर लगेच कळलं होतं." तिनं पातेलं उपडं घातलं. म्हणाली, "त्या एका मार्कानं मी डॉक्टर झाले असते असं न्हाई, मॅडम. पण तो माझा होता." एवढंच. रागानं नाही, पण सोडूनही दिलं नाही. तुम्ही शिकवलेली पोर आहे, सोडेल कशाला.

दिवेलागण होत आली होती. रांजणाच्या बुडाशी ओल असते, तिथून तो बाहेर आला. उजव्या मागच्या पायाचं एक बोट तुटलेलं. तुम्ही फोनवर सांगायचा तोच भेक, की त्याचा कुणी नातेवाईक, यावरून आपण वेगळं भांडलो असतो. दोन पावलं टाकून बसला. गळा लकलक हलत होता. मी खाली बसले, पदर खोचला. रेखा म्हणाली, "गाठी दाबू नका." मी म्हटलं, माहीत आहे.

हातात घेतला तर गार आणि इतका हलका की मला त्याची लाज वाटली. पस्तीस वर्षं मी ह्याला घाबरत होते. रेखानं अलगद तोंड उघडलं. मी बोट घातलं आणि वरच्या ओठाच्या आतून फिरवलं, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. मग परत. मऊ, ओलं, सपाट. त्यानं डोळे आत ओढून घेतले, घास समजून.

दारात मामी येऊन उभ्या होत्या. मी म्हणाले, "मामी, दात नाहीत."

"हौ ना," मामी म्हणाल्या. "उनो तो कब से बोल रै थे."

मग मात्र मी रडले, मामा. तुमच्या रांजणापाशी, भेकाला लागलेला हात तसाच ठेवून, नाकडोळे गळेपर्यंत. रेखानं माझे हात साबणानं धुतले, लहान मुलाचे धुतात तसे.

सोमवारी वर्गात गेले. चारशे मुलं. मी फळ्यावर दोन रकाने काढले, वटवाघूळ आणि भेक, आणि आठवा मुद्दा लिहिला, जो वीस वर्षांपूर्वी मी काढून टाकला होता. मग सांगितलं की जुन्या नोट्समध्ये हे चुकीचं होतं, चूक माझी होती, एका परिचर मामांनी ती मला दाखवली होती, आणि एका मुलीनं स्वतः बघून बरोबर उत्तर लिहिलं तर मी तिचा मार्क कापला होता. मामांना मी काय बोलले तेही सांगितलं. असं काही ऐकायची त्यांना सवय नाही, मला बोलायची नाही. मी टेबलाला धरून उभी होते.

एका मुलानं हात वर केला. "मॅडम, पण जुन्या पुस्तकात वेगळं असलं तर परीक्षेत काय लिहायचं?"

याच प्रश्नावर माझे तीन मजले उभे आहेत. मी म्हणाले, "आधी भेकाच्या तोंडात बोट घालून या. मग ठरवा काय लिहायचं."

पोरं हसली. मला वाटलं झालं, सुटले. तेवढ्यात दाराजवळच्या बाकावरची एक मुलगी उठली, चष्मा लावणारी, गेल्या महिन्यात आलेली, आष्ट्याची की औशाची. तिनं वही बंद केली, चपला पायात सरकवल्या आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "मॅडम, इथं भेक कुठं मिळतो?"

मी खिडकीतून खाली बघितलं. फरशा, पार्किंग, मेसच्या टाक्या, पत्रे, बोर्ड. इतकी वर्षं या गल्लीत राहतेय. लातुरात भेक कुठं बसतात ते मला माहीत नाही, मामा. तुम्हाला माहीत होतं, आणि तेवढं विचारायचं राहून गेलं.